क्रूझच्या यादीतल्या ४१ वस्तू: न्यायच्या की घरीच ठेवायच्या?

कट्टेकरी

परवा 'समुद्रसफर' यांनी इथे यादी टाकली: "क्रूझला निघालात? या ४१ छोट्या वस्तू विसरू नका!" लाइकच्या बदामांचा नुसता पाऊस पडला. आमच्याकडे त्या यादीची छापील प्रत फ्रिजवर लागली आहे आणि मार्चच्या सफरीसाठीची खरेदी सुरू झाली आहे. म्हणून तोंड उघडतोय, नाहीतर माझी हौस नाही.

गेल्या वर्षी आम्ही सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेत केलं, चार रात्री. त्या जोरावर सांगतो, यादीतला निम्मा माल कचरा आहे.

क्र. १९, शिट्टी. अहो, लाइफजॅकेटला शिट्टी बांधलेलीच असते. स्वतःची आणून कुणाची कवायत घेणार? कपडे वाळत घालायची दोरी: आमच्या बाथरूमच्या भिंतीत एक चकती होती, ओढली की दोरी बाहेर. दारावर टांगायचा वीस कप्प्यांचा पडदा: चार रात्रींना माणूस बूट नेतो किती? आणि च्युइंगम, "विमानात कानाला दडे बसू नयेत म्हणून". सिंगापूरने १९९२ सालीच च्युइंगमची आयात बंद केली आहे हो! पण कळस म्हणजे क्र. ७: स्पाइकगार्ड (एक्स्टेन्शन बोर्ड) आणि छोटी केटल. दोन्ही चढतानाच एक्स-रे मशीनवर बाजूला काढतात. आमच्या पुढच्या कुटुंबाच्या तीन केटल्या निघाल्या. तीन.

खरी गरज कशाची? खोलीचं कार्ड गळ्यात अडकवायला पट्टी. दोन गोल पिनांचा अ‍ॅडॉप्टर, कारण आपला तीन पिनांचा जाडा प्लग तिथे कुठेच बसत नाही. बोट लागण्याची गोळी. आणि खांद्यावरच्या पिशवीत औषधं व पोहण्याचे कपडे, कारण बंदरावर दिलेली मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते. संपलं. उरलेल्या ३७ वस्तू विकणाऱ्यांचं भलं होवो.

समुद्रसफर

मीच ती यादीवाली. एक सफर केलीत आणि एवढा आवेश! माझ्या सात झाल्या.

तुम्ही सोयीस्करपणे क्र. १ गाळलात: चुंबकाचे हूक. जहाजाच्या खोलीच्या भिंती पोलादी असतात, चिकटपट्टी लागत नाही, खिळा मारता येत नाही. आम्ही चौघं आतल्या बिनखिडकीच्या खोलीत, दीडेकशे चौरस फूट. ओले टॉवेल, टोप्या, पर्स, मुलीचे फ्लोट्स, सगळं त्या सहा हुकांवर होतं. वीस कप्प्यांचा पडदासुद्धा बुटांसाठी नाहीच, त्यात चार्जर, सनस्क्रीन, गोळ्या जातात. दोघांनी बाल्कनीची खोली घेऊन "कचरा" म्हणणं सोपं असतं. रात्रीचा छोटा दिवा पण वाचलात ना? आतल्या खोलीत दिवा मालवला की स्वतःचा हात दिसत नाही. माझ्या सासऱ्यांनी मध्यरात्री बाथरूम समजून कपाट उघडलं होतं. पुढचं सांगत नाही.

च्युइंगमची चूक मान्य. काढते. झालं समाधान?

पेठेतला_पामर

एका च्युइंगमवर समाधान नाही, पण कपाटावर झालं.

डोंबिवलीची_लेक

केटलवर हसणाऱ्यांनी जरा ऐका. बाबा ७६ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सकाळी साडेपाचला थायरॉइडची गोळी, मग अर्ध्या तासाने कपभर चहा, ही चाळीस वर्षांची सवय. आमची केटल काढून घेतली, पावती दिली, "उतरताना परत न्या" म्हणाले. खोली चौथ्या मजल्यावर, गरम पाणी अकराव्यावर. चार दिवस पहाटे मी गाऊनवर शाल घेऊन लिफ्टने वर, दोन कप हातात धरून खाली. पहिल्या दिवशी जहाज डोललं आणि अर्धा चहा लिफ्टमधल्या एका जर्मन आजोबांच्या बुटावर. आणि चहा तरी कसला? कोमट पाण्यात बुडवलेली पुडी आणि ते अंगठ्याएवढं दुधाचं डबडं. बाबा एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं.

एवढे पैसे मोजून माणसाला खोलीत घोटभर गरम पाणी मिळू नये? त्यात काय बॉम्ब होता?

बेलापूरचा_बेरकी

चार दिवस आपला चहा मिळाला नाही तर ज्यांचा जीव कासावीस होतो त्यांनी महाबळेश्वरला जावं. स्विस डोंगरावर पिठलं, जहाजावर मेतकूट. जग बघायला निघता की स्वतःचं स्वयंपाकघर फिरवायला?

डोंबिवलीची_लेक

@बेरकी, माझे बाबा रेल्वेत होते. तेहतीस वर्षं रात्रपाळ्या केल्या आहेत, त्यांचं जग बघून झालंय. तुमच्या वयस्कर माणसांना तुम्ही काय पाजता ते इथे विचारत नाही, विचारलं तर राग येईल.

नागपुरी_संत्रं

पेटला ना बाप्पा धागा. आम्ही बसतो चिवडा घेऊन.

इंजिनरूम

बावीस वर्षं जहाजांवर काढली, शेवटची सहा प्रवासी जहाजांवर, म्हणून लिहितो. बॉम्ब नसतो ताई, पण कारण आहे.

आधी स्पाइकगार्ड. घरी न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो. जहाजावर सहसा तसं नसतं, दोन्ही तारा जिवंत आणि सांगाड्याशी एकीचाही संबंध नाही. हे मुद्दाम केलेलं असतं: एका तारेला कुठे गळती झाली तरी वीज जात नाही, कंट्रोल रूममध्ये फक्त इशारा वाजतो आणि आम्ही दोष शोधत फिरतो. पण स्पाइकगार्डच्या पोटात तारेपासून अर्थिंगकडे जोडलेला एक भाग असतो. जहाजात दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या तारेला गळती असली की या बिचाऱ्यावर पूर्ण दाब येतो. तो तापत राहतो. मग प्लॅस्टिक, मग गादी. तुमच्या खोलीत बिघाड असायची गरजच नाही. म्हणून अनेक यूएसबी तोंडांचा साधा चार्जर चालतो, स्पाइकगार्ड नाही.

केटल आणि इस्त्रीचं कारण साधं आहे, तापणारी तार. माणूस लावतो आणि नाच बघायला जातो. समुद्रात अग्निशमन दलाला फोन करता येत नाही, दल म्हणजे आम्हीच. दिवसभर टेबलं पुसणारा पोरगा रात्री श्वासाची नळी लावून आत शिरतो.

आणि बाल्कनीत ओले टॉवेल टांगणाऱ्यांसाठी: २३ मार्च २००६ ला जमैकाजवळ 'स्टार प्रिन्सेस'च्या बाल्कन्या रांगेने पेटल्या. चौकशीत बहुधा विझवलेली नसलेली सिगारेट हे कारण निघालं. बाल्कनीतलं प्लॅस्टिकचं फर्निचर आणि दुभाजकच पेटत गेले. एक प्रवासी गेला. वाळलेला टॉवेलही तसाच पेटतो.

डोंबिवलीची_लेक

म्हणजे आग लावली सिगारेटने आणि जप्त झाली माझी केटल. न्याय आवडला.

इंजिनरूम

बहुतेक कंपन्यांनी त्यानंतर बाल्कनीतली सिगारेटही बंद केली. काही जहाजांवर खोलीत केटल असते, पण त्यांची, तपासलेली, आपोआप बंद होणारी. ब्रिटिश गिऱ्हाइकाच्या जहाजांवर तर असतेच.

पेठेतला_पामर

साहेब गेला, पण चहाचा मान त्यालाच. आपण दीडशे वर्षं त्याच्याकडून फक्त रेल्वे आणि क्रिकेट शिकलो, भांडून केटल मिळवायला शिकलो नाही.

सीॲटलची_सई

आम्ही इथून अलास्काला गेलो होतो. तिथे हूकबीक सोडा, दुर्बीण आणि पावसाचं जाकीट हवं. देवमासा कुणी सांगून येत नाही, आणि जुलैतही हिमनदीसमोर उभं राहिलं की दात वाजतात. चहाचं म्हणाल तर मी आल्याचं सुकं चूर्ण आणि दूध पावडर छोट्या डबीत नेते. इकडच्या पोर्टवर—

बेलापूरचा_बेरकी

"इकडच्या पोर्टवर" आलं का! वाटच पाहत होतो.

सीॲटलची_सई

आले आल्याचं चूर्ण घेऊन. तुम्हाला एक चमचा पाठवू का, पित्ताला चांगलं असतं.

मोबाइलग्रस्त

कुणीच सांगत नाही म्हणून सांगतो. यादीत क्र. ४२ घाला: विमान मोड. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की फोन गुपचूप जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडतो, उपग्रहावरचं. तुमचा रोमिंगचा पॅक तिथे चालेलच असं नाही. आमच्या चिरंजीवांनी रात्री दोन रील पाहिली. बिल अकरा हजार. मी दोन महिने त्या मोबाइल कंपनीशी पत्रव्यवहार करतोय. पहिल्या उत्तरात त्यांनी मला "प्रिय मॅडम" म्हटलं, दुसऱ्यात—

कट्टेकरी

अहो विषय वस्तूंचा आहे, विमान मोड ही वस्तू नव्हे.

मोबाइलग्रस्त

अकरा हजार ही वस्तू आहे.

रत्नांग्रीचे_काका

पोरांनो, तुमची ती क्रूझ. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून 'कोकणसेवक'ने जात असू. डेकवर जागा धरायची म्हणजे धावत जाऊन वळकटी फेकायची, ती पडेल ती आपली खोली. बरोबर फिरकीचा तांब्या, केळीच्या पानात दहीभात, आणि आईच्या पदराला लिंबू. बोट लागली की लिंबू हुंगायचं. लागायचीच. एकाला लागली की सगळ्या डेकला लागायची. बंदराला धक्का नसला तर खोल पाण्यात बोट उभी, आणि हलत्या शिडीवरून पडावात उतरायचं. माझ्या आज्जीला दोन खलाशांनी बोचक्यासारखी झेलली होती. तिला त्याचा राग नव्हता, खालून कुणीतरी "जपून, म्हातारी आहे" म्हणाला त्याचा होता.

आणि ताई, तुझ्या बाबांसाठी: आमच्याकडे थर्मास होता. रात्री भरायचा, पहाटे चहा. वीज नको, परवानगी नको. चाळीस रुपयांचा होता, अजून माळ्यावर असेल.

डोंबिवलीची_लेक

काका. चार दिवस लिफ्टने वर-खाली केलं आणि थर्मास सुचला नाही. घरी तीन पडले आहेत.

इंजिनरूम

रिकामा थर्मास सहसा कुठलं जहाज अडवत नाही. रात्री भोजनगृह बंद व्हायच्या आत भरा.

बेलापूरचा_बेरकी

चला, वीस प्रतिसादांत आपण १९७० सालात पोचलो. पण थर्मास बरा आहे. चहासाठी नव्हे, कॉफीसाठी म्हणतोय.

समुद्रसफर

थर्मास माझ्या यादीत क्र. २३ वर आहे. कुणी वाचली तर ना!

कट्टेकरी

आहे खरा. केटलच्या आरडाओरड्यात दिसला नव्हता. पण मग केटल कशाला होती त्याच यादीत?

समुद्रसफर

माझी पहिली सफर मुंबई–गोवा होती, तेव्हा बॅगेच्या तळाशी होती म्हणून कुणाला दिसली नाही. एकदा चालली म्हणून लिहिली. इंजिनरूम यांचं वाचून काढलीय, स्पाइकगार्डही. तुमचं वाचून नाही.

जुईची_आई

अवांतर आहे, पण दिवाळीनंतर दुबईहून क्रूझला जाणाऱ्यांनी फराळ नेताना अनारसे काढून ठेवा. अनारशाला खसखस, आणि खसखस तिकडे बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. मी निघायच्या आदल्या रात्री वाचलं आणि डबाभर अनारसे शेजाऱ्यांना वाटले. तेव्हापासून शेजारीण दरवर्षी विचारते, यंदा कधी जाताय?

पेठेतला_पामर

आणि जहाजावर घरचा फराळ चढू देतात का? आमची नारळाची वडी खाली ठेवून घेतली.

जुईची_आई

शिजवलेलं घरचं बहुतेक ठिकाणी नाही. बंद पाकिटातलं चालतं. म्हणजे मी केलेला चिवडा धोकादायक आणि दुकानातला सुरक्षित.

डॉक्टरीणबाई

बोटीच्या गोळीबद्दल धागाकर्त्यांनी घाईत लिहिलंय. उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, निघण्याआधी तास-दोन तास घ्यायची. अ‍ॅव्होमिनने झोप येते, वयस्करांचा तोल जाऊ शकतो, आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. खोली घेताना खालच्या मजल्यावरची, मधोमध, तिथे हेलकावे कमी. डेकवर मोबाइलमध्ये डोकं घालू नका, क्षितिजाकडे बघा. लिंबाला माझा आक्षेप नाही.

रत्नांग्रीचे_काका

लिंबाला डॉक्टरांचा आक्षेप नाही हे आईला सांगायला हवं होतं. बरं, मुलगा आता मला मुंबईहून लक्षद्वीपला नेणार म्हणतोय. अडकित्ता नेऊ देतात का?

इंजिनरूम

काका, पातं छोटं असेल तर बऱ्याच ठिकाणी सोडतात, पण मशीनवरच्या माणसाला अडकित्ता म्हणजे काय ते समजवावं लागेल. त्यापेक्षा सुपारी कातरून न्या.

रत्नांग्रीचे_काका

कातरलेली सुपारी म्हणजे दुसऱ्याने वाचून दाखवलेलं पत्र.

कट्टेकरी

धाग्याचं काय झालं ते दिसतंच आहे. असो. हे टंकत असताना कुरिअरवाला आला. बायकोने चुंबकाचे हूक मागवले होते, बारा नग. आमच्या लोखंडी दाराला लावून बघितले. माझी बॅग, छत्री आणि हेल्मेट, तिन्ही धरलं. खोटं बोलणार नाही, चांगले आहेत.

समुद्रसफर

बारा कशाला? सहा पुरतात.