मदत हवी आहे : जरीपटक्यातल्या आज्यांच्या आठवणी कशा नोंदवू?

नमस्कार मंडळी. १९४७ नंतर सिंधमधून येऊन नागपुरात जरीपटक्याला वसलेल्या कुटुंबांवर एम.ए.चा प्रबंध लिहितेय. कागदपत्रं चाळली की सगळीकडे पुरुषच. १९५० च्या कायद्याखाली मागे सोडलेल्या मालमत्तेचे दावे झाले, पण मालमत्ता ज्याच्या नावावर, दावाही त्याचाच. बायकांचं नाव आलं तर बहुधा 'अमक्याची पत्नी' किंवा 'विधवा' म्हणून.

प्रत्यक्ष भेटीत वेगळंच होतं. एका आजींना कराचीहून मुंबईला आलेल्या जहाजाबद्दल विचारलं, तर उत्तर मुलानंच दिलं. त्याचा तेव्हा जन्मही नव्हता, बाप्पा! तो चहा सांगायला बाहेर गेला तशा त्या बोलू लागल्या. पहिली दोन वर्षं घर त्यांच्या पापडांवर चाललं. घरी मात्र सगळे दुकानापासूनच सुरुवात सांगतात.

त्यांच्याकडे हिशेबाची एक वही आहे, अरबी लिपीतल्या सिंधीत. नातवंडांना ती वाचता येत नाही, मला तर नाहीच.

नागपुरात ही लिपी वाचणारं कोणी आहे का? शक्यतो बाईच असावी, कारण आजी वही घराबाहेर देणार नाहीत. आणि घरच्यांना न दुखावता आजींशी एकटीनं कसं बोलावं? अनुभव असेल तर सांगा. आजी नव्वदीपुढे आहेत, म्हणून घाई.