मेकॅनिकल करून पुढे मॅनेजमेंट: मुंबईत कुठे घ्यावं? (बजेट वर्षाला लाखभर)

डोंबिवली_स्लो: नमस्कार. यंदा सीईटी दिली, पर्सेंटाइल ९६ च्या पुढे. मेकॅनिकल घ्यायचं नक्की आहे. पुढे कारखान्यात प्लॅनिंग, प्रोजेक्ट, माणसं सांभाळणं या बाजूला जायचंय. माटुंग्याचं व्हीजेटीआय अवघड दिसतंय, अंधेरीचं एसपीसीई (सरदार पटेल कॉलेज) कदाचित लागेल. फी वर्षाला लाखाच्या आत हवी. 'कॉम्प्युटर घे' एवढं मात्र सांगू नका.

बायनरी_बंड्या: कॉम्प्युटर घे. मी मेकॅनिकल केलं, कॉलेजचं नाव घेत नाही. प्लेसमेंटला कोअरची, म्हणजे मेकॅनिकलची, एक कंपनी फिरकली नाही, आज सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय. पगार बरा आहे, तो भाग वेगळा.

पार्लेकर_काका: पुतणीने एनएमआयएमएसचं एमबीए टेक केलं. पाच वर्षांत बीटेक आणि एमबीए दोन्ही, कॅटची (एमबीएच्या प्रवेश परीक्षेची) कटकट नाही. डोळे झाकून घे.

गियरबॉक्स: काका, लाख म्हणालाय तो. तेवढ्यात तिथलं एक सेमिस्टरही निघणार नाही.

पार्लेकर_काका: शिक्षणात पैसा बघू नये.

माटुंगा_८९: व्हीजेटीआय. १८८७ ची संस्था आहे. आमच्या वेळी वर्कशॉपात फाइलिंग करून हाताला घट्टे पडायचे. ते नाही मिळालं तर मग कुठेही घे, सगळं सारखंच.

फेज_टू: मॅनेजर व्हायची आत्ताच घाई नको. आमच्या प्लांटमध्ये व्हीएमसीवरून (धातू कापायच्या मशीनवरून) जॉब, म्हणजे घडवलेला भाग, अर्ध्या तासात उतरायचा आणि सीएमएमसमोर (मापं तपासायच्या मशीनसमोर) दोन-दोन दिवस ट्रॉलीत पडून राहायचा. कारण तपासणीचा माणूस एकच, तोही जनरल शिफ्टचा. वरून फर्मान यायचं, अजून एक मशीन घ्या! घोडं कुठे अडलंय हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी दोन-तीन वर्षं जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी) म्हणून शॉपफ्लोअर. ऑपरेशन्स रिसर्च, प्रॉडक्शन प्लॅनिंग, एसक्यूसी (आकडेवारीवरून दर्जा तपासणं) हे विषय पोरं पास होण्यापुरते करतात, तू नीट कर. मग कॅट देऊन पवईचं आयआयएम मुंबई, नाहीतर गेट (एमटेकची परीक्षा) देऊन आयआयटी बॉम्बेचं आयईओआर (इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्च). पीएमपीच्या (प्रोजेक्ट मॅनेजरच्या सर्टिफिकेटच्या) जाहिरातींना भुलू नकोस. चार वर्षांची पदवी असली तरी ३६ महिने प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव दाखवावा लागतो.

विहार_लेक: नीटी म्हणा. १९६३ पासून नीटी आहे.

फेज_टू: २०२३ पासून आयआयएम मुंबई आहे.

विहार_लेक: सरकारने काय म्हणायचं ते म्हणू दे.

ईस्ट_कोस्ट: अमेरिकेत एमईएम (इंजिनीअरिंग मॅनेजमेंटची मास्टर्स) कर. ड्यूक, कॉर्नेल, नॉर्थवेस्टर्न, डार्टमथ. कर्ज मिळतं.

गियरबॉक्स: लाख!!

ठाणे_लोकल: एसपीसीई लागलं तर घाटकोपरला उतरून मेट्रोने आझाद नगर. दादरच्या वाटेला जाऊ नकोस.

माटुंगा_८९: दादरच बरं. मेट्रोत श्वास घ्यायला जागा नसते.

ठाणे_लोकल: सकाळी नऊला दादरचा पूल चढून दाखवा, मग बोलू.

कॅपवाली_आई: घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस बघ रे बाळा. ट्यूशन फी माफ होते, बाकीची फी भरावीच लागते. त्याचा चॉइस कोड वेगळा असतो आणि एकदा घेतलं की कॉलेज-ब्रँच बदलता येत नाही. उत्पन्नाचा दाखला आजच काढ, तहसीलला गर्दी होते. आणि कॅपच्या (केंद्रीय प्रवेशाच्या) पहिल्या राउंडला पहिला पसंतीक्रम लागला की तीच सीट घ्यायची, त्यामुळे क्रम लावताना 'पुढचं पुढे बघू' चालत नाही. आमच्या मुलीच्या वेळी रात्री दोनपर्यंत यादी खालीवर करत बसलो होतो.

पवई_प्लाझा: आयआयएम मुंबई ऑपरेशन्ससाठी चांगलं आहे. कोणीच सांगितलं नाही वाटतं.

विहार_लेक: नीटी.

डोंबिवली_स्लो: सगळ्यांचे आभार. कॅपवाली काकू, तुमचे खास. एक नंबरला कल्याणच्या पुढचं एक कॉलेज टाकलं होतं, टीएफडब्ल्यूएसमधून मेकॅनिकल मिळालं. एसपीसीई दोनला होतं. फार नावाजलेलं कॉलेज नाही, माहीत आहे. पण प्रवासाचे रोजचे तीन तास वाचतात आणि अंबरनाथ एमआयडीसीत मामाचं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे, संध्याकाळी तिथे बसणार. डिस्पॅचची वही कोणी धड भरत नाही, पार्टीचा फोन आला की सगळे शोधाशोध करतात. तिथूनच सुरुवात करतो.

माटुंगा_८९: एसपीसीई दोनला?

पार्लेकर_काका: चूक केलीस.

गियरबॉक्स: ड्रॉइंगसाठी मिनी ड्राफ्टर हवा असेल तर माझा पडून आहे. स्क्रू जरा ढिला आहे. डोंबिवली पूर्व, येऊन घेऊन जा.

बायनरी_बंड्या: कॉम्प्युटरला अजून जागा आहेत बरं का.