खाडीत बोटीवर उडून येणारे मासे: इजेचा धोका किती आणि काळजी कोणती?

खाडीकाठची (ऐरोली)

नमस्कार. गेल्या हंगामात आमच्या सोसायटीतील काही जण रोहित पक्षी पाहण्यासाठी यांत्रिक होडीने ठाणे खाडीत गेलो होतो. परतताना होडीचा वेग वाढला आणि एक बोय पाण्यातून उसळून नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) बसलेल्या काकूंच्या गालावर आदळली. मासा वीतभरापेक्षा फार मोठा नव्हता, तरीही चष्म्याची काडी मोडली, काचेच्या कडेने भुवईखाली चीर पडली आणि दोन दिवस डोळा सुजलेला राहिला. तांडेलांनी लगेच इंजिन मंद केले व असे अधूनमधून घडते, असे सांगितले. यंदा आईवडील आणि माझी सात वर्षांची मुलगी बरोबर येणार आहेत. अशा माशांमुळे खरोखर गंभीर इजा होते का, आणि कोणाला कुठे बसवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दिवाळे_कोळीवाडा

ताई, बोय हा घाबरट मासा आहे. इंजिनाचा आवाज आला किंवा होडीची सावली अंगावर पडली की थव्यातले मासे एकामागोमाग उड्या घेतात. ओहोटीला पाणी उतरते आणि थवा पाण्याच्या अरुंद नाळीत दाटतो, तेव्हा त्यांना बाजूला सरकायलाही जागा उरत नाही. म्हणून अशा ठिकाणी आम्ही इंजिन हळू करतो. मुलीला नाळेवर बसवू नका. होडीच्या मधोमध, फळीवर न बसवता खाली, मोठ्या माणसाच्या आडोशाला बसवा. होडी चालू असताना कोणीही फोटोसाठी उभे राहू नये. माशाच्या तडाख्यापेक्षा दचकून तोल जाण्याची आणि पाण्यात पडण्याची भीती आम्हाला जास्त वाटते, कारण खाडीच्या गाळात पाय रुतला की माणूस स्वतःहून बाहेर येत नाही. लाईफ जॅकेटचे पट्टे आवळलेले आहेत ना, हे निघण्यापूर्वी स्वतः पाहा.

मत्स्यशास्त्र_ठाणे

गंभीर इजा होते, मृत्यूही झालेले आहेत. मात्र ते वेगळ्या माशांमुळे आणि वेगळ्या पाण्यात.

सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील इलिनॉय नदीचे आहे. तेथे त्रास देणारा मासा आपल्याकडील मत्स्यशेतकऱ्यांना चांगला ठाऊक असलेला चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प होय. भारतात तो 1959 साली संवर्धनासाठी आणला गेला, तर अमेरिकेत 1970 च्या दशकात. तेथील तळ्यांतून निसटून तो मिसिसिपीच्या खोऱ्यात पसरला. इंजिनाच्या आवाजाने बिथरून तो सुमारे तीन मीटरपर्यंत उंच उडतो, आणि पाच-दहा किलोचा असा मासा तोंडावर बसल्याने नाकाची व जबड्याची हाडे मोडल्याच्या घटना तेथे घडलेल्या आहेत. फ्लोरिडातील सुवानी नदीत स्टर्जन मासे उन्हाळ्यात असेच उसळतात. त्यांच्या अंगावर हाडांच्या कठीण ढाली असतात आणि वजन माणसाएवढे भरू शकते. 2015 साली तेथे बोटीत आदळलेल्या स्टर्जनमुळे पाच वर्षांची एक मुलगी दगावली. हे लिहिताना मला वाईट वाटते, परंतु आपण मुलीसाठी विचारत आहात, म्हणून ते सांगणे आवश्यक आहे.

आता वेगाचे गणित पाहा. होडी ताशी 36 किलोमीटर वेगाने जात असेल आणि एक किलोचा मासा समोर हवेत आला, तर तो चेहऱ्यावर आदळण्याची ऊर्जा तोच मासा सुमारे पाच मीटर उंचीवरून डोक्यावर पडण्याइतकी असते. वेग निम्मा केला की ही ऊर्जा एक चतुर्थांशावर येते. माशाची उडी आपल्या हाती नसते, होडीचा वेग मात्र असतो. त्यामुळे काकूंना बसलेल्या माराचा मोठा वाटा होडीच्या वेगाचा असावा, असे माझे मत आहे. बोय केवळ भीतीनेच उडते असेही नाही. पाण्यात प्राणवायू कमी असेल तेव्हा घशामागील पोकळीत हवा भरून घेण्यासाठी ती उडत असावी, असे काही अभ्यासक मानतात. त्यामुळे इंजिन बंद असतानाही ती उसळलेली दिसते.

खाडीकाठची (ऐरोली)

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचीही आभारी आहे. यंदा तांडेलांशी निघण्यापूर्वीच वेगाविषयी बोलेन. माझे बंधू रात्री समुद्रात गळाने मासेमारी करायला जातात आणि होडीत प्रखर दिवा लावतात. त्यांना काही वेगळा धोका आहे का?

मत्स्यशास्त्र_ठाणे

होय, आणि तो अधिक गंभीर आहे. उष्ण कटिबंधातील समुद्रात सुईसारखी लांब, टोकदार चोच असलेले मासे पृष्ठभागालगत वावरतात आणि रात्री दिव्याकडे झेपावतात. 1977 साली हवाई बेटांवर वडिलांबरोबर रात्री मासेमारी करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचा अशाच माशाची चोच डोळ्यातून मेंदूत शिरल्याने मृत्यू झाला. बंधूंनी दिवा चेहऱ्याच्या पातळीवर किंवा कपाळावर बांधू नये, प्रकाश होडीच्या आत खाली वळवावा आणि डोळ्यांवर मजबूत संरक्षक चष्मा वापरावा.

शल्यचिकित्सक_वाशी

उपचारांविषयी थोडे. चोच किंवा काटा शरीरात रुतला असेल, तर तो होडीत ओढून काढू नये. मान, छाती किंवा डोळ्याजवळ तो आत असतानाच रक्तवाहिनी दाबून धरत असतो आणि काढताच रक्तस्राव सुरू होऊ शकतो. तो हलणार नाही अशा रीतीने दोन्ही बाजूंनी कापडाच्या घड्या लावून रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. डोळ्याला जखम असल्यास त्यावर दाब न देता कागदी पेला उपडा ठेवून चिकटपट्टी लावावी. बाहेरून छोटी दिसणारी जखमही खोल असू शकते आणि चोचीचे तुकडे आत राहतात, म्हणून क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन करावे लागते. जखम समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यात झाली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण खाऱ्या पाण्यातील व्हिब्रिओ जातीच्या जिवाणूंसाठी प्रतिजैविकाची निवड बदलते. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी यात मुळीच वेळ दवडू नये. धनुर्वाताची लसही तपासून घ्यावी. केवळ मुका मार असेल, तरी उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा एकाच्या जागी दोन दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डोक्याची तपासणी करून घ्यावी. आपल्या काकूंना डोळ्यासमोर अजूनही काळे ठिपके किंवा प्रकाशाच्या रेषा दिसत असतील, तर नेत्रपटलाची तपासणी झालेली नसल्यास ती लगेच करवून घ्या.