'साइड इफेक्ट नसतात, घ्यायला काय हरकत आहे?' याला माझी हरकत आहे

रात्रपाळी
मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे. पेशंट ॲडमिट होताना "आणखी कुठलं औषध चालू आहे का?" हे आम्ही विचारतोच. उत्तर ठरलेलं: बीपीची एक, शुगरची एक, बास. मग रात्री उशाखालच्या पिशवीतून काढ्याची बाटली, वर्तमानपत्रात बांधलेली पुडी आणि होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोड गोळ्यांची डबी निघते. "ते औषध नाही हो सिस्टर, आयुर्वेदिक आहे."

खोकल्यावरच्या ज्येष्ठमधाच्या काढ्याचंच उदाहरण. रोज भरपूर घेतला तर अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. हार्टच्या पेशंटला सूज उतरायला लघवीची गोळी चालू असते, त्यातल्या बऱ्याच गोळ्याही पोटॅशियम उतरवतात. पाय गळून जातात, ठोके चुकायला लागतात आणि आम्ही कारण शोधत बसतो, कारण काढ्याबद्दल कोणी बोललेलंच नसतं.

माझं स्पष्ट मत: ॲडमिट असेपर्यंत केसपेपरवर नसलेली एकही गोष्ट पोटात जाता कामा नये. गोड गोळ्यासुद्धा नाहीत.

वैद्य_साताराकडचा
सिस्टर, पुडी कागदात बांधून देणारा आणि नाडी-जीभ-पोट बघून मात्रा ठरवणारा, दोघांना एकाच माळेत ओवू नका. कोणाला, किती, कशाबरोबर आणि किती दिवस, हे आमच्याकडे शिकवतात. 'साइड इफेक्ट नसतात' हे वाक्य जाहिरातवाल्यांचं आहे, चरकाचं नाही.

आणि पुरावा नाही म्हणणाऱ्यांसाठी: भगंदरावर क्षारसूत्राची (औषधी क्षार लावलेल्या दोऱ्याची) चाचणी आयसीएमआरनेच, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनेच घेतली होती, अहवाल १९९१ चा. जखम भरायला ऑपरेशनपेक्षा जास्त दिवस लागले, पण भगंदर उलटण्याचं प्रमाण कमी निघालं. सर्पगंधा ही वनस्पती बीपीवर चालते हे १९४९ मध्ये इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आलं, लिहिणारे आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक आणून किडन्या घालवणारे पेशंट तुमच्याच वॉर्डात असतील. त्यावर धागा कधी काढताय?

पुरावा_दाखवा
सर्पगंधेचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय, वैद्यराज. तिच्यातून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं, डोस ठरवला, पेशंटवर पाहिलं, तेव्हा नाक चोंदणं आणि उदासपणा हेही नोंदलं गेलं. म्हणजे काम करणारी वनस्पती आहे, म्हणूनच तिला दुष्परिणाम आहेत. सिस्टर वेगळं काय सांगताहेत?

होमिओपॅथीला हे दुखणं नाही, कारण २०० सी ताकदीच्या, म्हणजे दोनशे वेळा शंभरपट पातळ केलेल्या गोळीत मूळ पदार्थाचा कणही उरलेला नसतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने (एनएचएस) २०१७ मध्येच डॉक्टरांना ती लिहू नका म्हणून सांगितलं. सरसकट बंद करा सगळं.

डोंबिवली_फास्ट_नाही
आमच्या काकांचा मुतखडा होमिओपॅथीनेच पडला. बाकी चालू द्या तुमचं.

पुरावा_दाखवा
५ मिमीच्या आतला असेल. तसले बहुतेक आपोआपच पडतात. डबी हातात होती एवढंच.

माजघर
तुम्ही सगळे औषधाबद्दल बोलताय. मी पेशंट सांभाळते, सासूबाईंची केमो चालू आहे. घरात आल्याचा तुकडा आणि सैंधव असतं, रात्री तळपायाला तेल चोळते. एका वैद्यांकडेही जातो. कॅन्सर बरा करा असं आम्ही त्यांना म्हणत नाही. ते विचारतात, तोंडाला चव आहे का, झोप लागते का, पोट साफ होतं का. मोठ्या हॉस्पिटलात बाहेर साठ लोक खोळंबलेले, तिथे डॉक्टर रिपोर्ट बघतात आणि पुढची तारीख देतात. त्यांचीही मजबुरी आहे, कळतं.

पण काढ्याबद्दल एकदा सांगितलं, तर भरल्या ओपीडीत "मग त्याच वैद्याकडे जा ना" असं ऐकवलं. सासूबाईंनी बाहेर येऊन मला बजावलं, यापुढे तोंड उघडायचं नाही. आता सांगा सिस्टर, तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर का मिळत नाही?

रात्रपाळी
हे पटलं. ओरडणं थांबलंच पाहिजे, आमच्याकडेही ओरडतात.
पण आलं आणि तेल वेगळं, काढा वेगळा. केमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच जातात. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं, आठवतंय?

वैद्य_साताराकडचा
आठवतंय. आणि त्यांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, हे तपासलंच नाही, असं आयुष मंत्रालयाने तेव्हाच म्हटलं होतं. तशीच दिसणारी दुसरी वेल असते.

रात्रपाळी
अहो, मग कोरोनात कुंपणावरची वेल तोडून काढा उकळणाऱ्या बाईने ती कशी ओळखायची? हा बचाव आहे की आणखी एक धोका?

वैद्य_साताराकडचा
धोकाच आहे. म्हणूनच म्हणतो, वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नका. तुम्ही त्यातून 'वैद्यच नको' असा अर्थ काढताय, भांडण तिथे आहे.

तालुक्याचा_दवाखाना
शहरातल्या लोकांची मजा वाटते. इकडे आयुर्वेद की ॲलोपॅथी हा प्रश्नच नाही. बीएएमएस (आयुर्वेदाचे), बीएचएमएस (होमिओपॅथीचे) डॉक्टरच सलाईन लावतात, अँटिबायोटिक देतात. होमिओपॅथीवाल्यांनी वर्षभराचा फार्माकॉलॉजीचा (औषधशास्त्राचा) कोर्स करून ॲलोपॅथीची औषधं लिहावीत म्हणून २०१४ मध्ये राज्याने कायदाच बदलला. आयएमएचा, म्हणजे ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध अजून चालू आहे. पण शहरातल्या खासगी हॉस्पिटलात रात्री दोन वाजता आरएमओ (वॉर्ड सांभाळणारा ड्युटी डॉक्टर) म्हणून कोण उभा असतो, ते सिस्टरना विचारा.

रात्रपाळी
बरोबर आहे, बहुतेक बीएएमएसच. त्यातले काही फार हुशार असतात. आणि गंमत म्हणजे काढ्याबद्दल तेही विचारत नाहीत!

नियमाचं म्हणणं मी सोडत नाही, पण विचारायची पद्धत बदलते आहे. "आणखी काही चालू आहे का" याऐवजी एकेक नाव घेऊन विचारते: चूर्ण, काढा, भस्म, गोड गोळ्या, टॉनिक, वजन कमी करायची पावडर. पेशंटसमोर तोंड वाकडं करायचं नाही. मिळालं ते केसपेपरवर.

वैद्य_साताराकडचा
मी औषध लिहून देतो, घटकांसकट. तुमचे डॉक्टर तो कागद वाचतील?

रात्रपाळी
अक्षर लागलं तर.

पुरावा_दाखवा
भस्मात धातू असतात, त्याचा तपास कोण करणार? २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेल्या आयुर्वेदिक औषधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. कागदावर 'शुद्ध' लिहिलं की झालं?

नवीन_सभासद
मध्येच विचारतो, माफ करा. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. ते कोलेस्टेरॉलसाठी लसणाच्या कॅप्सूल घेतात. सांगायला हवं का?

वैद्य_साताराकडचा
सांगायलाच हवं, सर्जनना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही. लसणाने रक्त गोठायला वेळ लागू शकतो. सहसा दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. फोडणीतला लसूण चालेल. रक्त पातळ करायची दुसरी गोळी चालू असेल तर तीही सांगा, पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

रात्रपाळी
+१. आणि कॅप्सूलची बाटली सोबत न्या, नुसतं नाव सांगू नका.