मदत हवी आहे: मॉडेल म्हणतं खूप गरम, लोक म्हणतात ठीक आहे

नमस्कार मंडळी, एम.आर्क.चा प्रोजेक्ट चालू आहे, नागपुरातली शाळा, एसी नाही नुसते पंखे, आणि मार्च-एप्रिलमध्ये वर्गात कोणाला किती उकडेल हे आधीच सांगता येतं का ते बघायचंय. फँगरचं १९७० चं पीएमव्ही (लोकांना सरासरी किती गरम-थंड वाटेल याचा अंदाज देणारं मॉडेल) वापरलं, म्हणजे हवेचं तापमान, भिंती-स्लॅबची धग, वारा, दमटपणा, कपडे, हालचाल असे सहा आकडे घातले की -३ (खूप थंड) ते +३ (खूप गरम) मध्ये उत्तर. आता खालच्या मजल्यावर ते +२ च्या वर जातं आणि पंख्याखाली बसलेल्या बाई म्हणतात, बरं वाटतंय की! वरच्या मजल्यावर मात्र स्लॅब तापला की अख्खा वर्ग वहीने वारा घेत बसतो, तिथे मॉडेल बरोबर वाटतं.

मग आपलं भारतीय आयमॅक (बाहेरच्या हवेची सवय धरून आत किती तापमान चालेल ते सांगणारं मॉडेल) लावलं, ०.५४ गुणिले बाहेरच्या तापमानाची ३० दिवसांची सरासरी अधिक १२.८३, म्हणजे बाहेर ३२ असेल तर आत साधारण ३०.१ चालतं. हे मला जास्त पटतं, कारण इथल्या लोकांना उन्हाची सवय आहे, पण त्यात स्लॅबची धग वेगळी दिसत नाही ना.

कोणी दोन्ही एकत्र वापरलंय का? साडीसाठी क्लो (कपड्यांच्या उबेचं माप) किती धरता? आणि धग मोजायला टेबल टेनिसचा बॉल काळा रंगवून आत सेन्सर टाकलाय, तो पंख्याच्या वाऱ्यात बरोबर दाखवतो का, करेक्शन कसं करायचं? प्लीज सांगा, मुलांच्या परीक्षा याच वर्गात असतात.