'जाब', 'प्रश्न' की 'धारेवर'? डॉइलमधली भाषा मराठीत आणताना

लिफीकाठी

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात आयरिश राजकारणावर पानभर लिहितो. या खेपेला एका साध्या वाक्यापाशी अडलोय. 'विरोधी पक्षनेत्या मेरी लू मॅकडोनल्ड यांनी घरांच्या प्रश्नावरून पंतप्रधान मीहॉल मार्टिन यांना धारेवर धरले.' बायकोने वाचलं आणि म्हणाली, "धरलं कुठे? मी पाहत होते, तो तर मजेत बोलून खाली बसला."

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डॉइल म्हणजे आयर्लंडचं कनिष्ठ सभागृह. तिथे मंगळवारी आणि बुधवारी 'नेत्यांचे प्रश्न' होतात. विरोधी गटांचे नेते आळीपाळीने उभे राहतात, टीशख म्हणजे इथले पंतप्रधान उत्तर देतात. गुरुवारी टॉनिश्ते, म्हणजे उपपंतप्रधान, किंवा एखादा मंत्री उभा राहतो. प्रश्नाला मोजकी मिनिटं, उत्तराला तेवढीच, मग एक छोटा उपप्रश्न आणि त्याचं उत्तर.

तर क्रियापद कोणतं वापरू? 'प्रश्न विचारला' मिळमिळीत वाटतं.

जुनी पेठ

तुमच्या सौंचं बरोबर आहे. 'धारेवर धरले', 'कोंडीत पकडले', 'खरडपट्टी काढली' ही सगळी निकाल सांगणारी क्रियापदं आहेत. कुस्ती झाली आणि अमुक चीतपट, असं बातमीदार पहिल्याच ओळीत सांगून मोकळा होतो. समोरचा निसटला असेल तर कोंडी कसली?

मी 'जाब विचारला' लिहीन. जाब हे 'जवाब'चंच आखूड रूप. म्हणजे 'जाब विचारणे' याचा शब्दशः अर्थ उत्तर मागणे, एवढाच. उत्तर मिळालं की नाही, याबद्दल हा शब्द अवाक्षर काढत नाही. जुन्या कागदपत्रांत 'जाबसाल' येतो तो याच घरातला.

टाकसाळ

पण पेठकर, जाब वरचा खालच्याला विचारतो ना? मालक कारकुनाला, सासू सुनेला (आता उलटही). विरोधी पक्षनेत्या पंतप्रधानांच्या वरिष्ठ कधी झाल्या?

जुनी पेठ

शंका रास्त. पण जाब बाईंचा नाही, सभागृहाचा आहे. आयर्लंडच्या 1937च्या राज्यघटनेत अठ्ठाविसाव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की सरकार डॉइलला जबाबदार असेल. 'जबाबदार' या शब्दातही तोच जवाब बसलाय, बघा. जो जबाबदार त्याला जाब. याहून नीट जुळणारी जोडी शोधून सापडायची नाही.

दर्याकिनारी

माका वाटता 'सवाल-जवाब' म्हणा आणि मोकळे व्हा. कलगी-तुऱ्यासारखे. एकान सवाल टाकायचो, दुसऱ्यान उत्तर देवन उलटो टाकायचो.

लिफीकाठी

छान आहे, पण एक फरक आहे. कलगी-तुऱ्यात सवाल सोडवावा लागतो, नाहीतर फड हरतो. इथे घरांबद्दल विचारलं की उत्तर विरोधकांच्या जाहीरनाम्यातल्या त्रुटींबद्दल येतं, आणि हार मात्र कुणाचीच होत नाही.

'जाब विचारला' पक्कं करतो. आता दुसरी अडचण, 'विरोधी पक्षनेत्या'. हे पद आहे की वर्णन?

टाकसाळ

आपल्याकडे पद. 1977च्या कायद्याने संसदेतल्या विरोधी पक्षनेत्याला पगार-भत्ते मिळतात, आणि त्यासाठी अध्यक्षांची किंवा सभापतींची मान्यता लागते. दहा टक्के सदस्य हवेत हा संकेत पहिले लोकसभाध्यक्ष मावळंकर यांच्या काळापासूनचा. म्हणून तर 2014 ते 2024 लोकसभेत विरोधक होते पण विरोधी पक्षनेता नव्हता. 2024च्या निवडणुकीनंतर आपल्या विधानसभेतही तीच गत झाली. 288चे दहा टक्के म्हणजे 29, आणि विरोधातला सर्वांत मोठा पक्ष 20वर.

आयर्लंडमध्ये असं कायद्याने नेमलेलं पद नाही. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा नेता, इतकाच त्याचा अर्थ. 2024च्या निवडणुकीत मॅकडोनल्ड यांच्या शिन फेन पक्षाला 174पैकी 39 जागा मिळाल्या, विरोधातला तो सर्वांत मोठा पक्ष, म्हणून त्या. मराठीत 'विरोधी पक्षनेत्या' लिहिलंत की वाचकाला लगेच लाल दिव्याची गाडी दिसते. 'विरोधातील प्रमुख नेत्या' जास्त खरं. लांब आहे, मान्य.

लिफीकाठी

पद नसलं तरी 'विरोधक कोणाला म्हणायचं' यावरून इथे सभागृह बंद पडलंय! 22 जानेवारी 2025ला टीशख निवडायचा होता. सरकारला पाठिंबा देणाऱ्या काही अपक्षांना विरोधकांच्या रांगेतली बोलण्याची वेळ हवी होती. म्हणजे जेवण सरकारच्या पंगतीत आणि दक्षिणा विरोधकांच्या. दिवसभर गदारोळ, कामकाज पुन्हा पुन्हा तहकूब, शेवटी निवड दुसऱ्या दिवशी झाली. मार्चमध्ये परत रणकंदन झालं आणि त्यातून 'इतर सदस्यांचे प्रश्न' असा निराळा कप्पा निघाला. यातला 'इतर' मला फार आवडतो. ना घरका, ना घाटका, पण नियमावलीत जागा पक्की.

कोरा कागद

उशिरा आलो. 'टीशख'ला सगळे सरसकट पंतप्रधान म्हणताय ते मला खटकतं. पंतप्रधान हा पेशव्यांचा किताब. प्रधान म्हटलं की त्याच्या वर छत्रपती असतो. टीशख या गेलिक शब्दाचा अर्थ टोळीचा नायक, सरदार. प्रधान नव्हे. स्वातंत्र्यानंतर तिथे सरकारप्रमुखाचं नाव 'कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष' असं रुक्ष होतं. 1937च्या घटनेने ते बदलून हा जुना शब्द आणला, आणि तो इंग्रजी बोलतानाही तसाच वापरतात. त्यांनीच भाषांतर केलं नाही, तर आपण कशाला करायचं?

टॉनिश्ते तर त्याहून गमतीचा. जुन्या गेलिक रीतीत नायक जिवंत असतानाच त्याचा वारस निवडून ठेवत, तो टॉनिश्ते. म्हणजे उपपंतप्रधान कमी आणि युवराज जास्त, फक्त तो जन्माने ठरलेला नसे.

लिफीकाठी

आणि हल्ली तो जुना अर्थ परत खरा होऊ लागलाय! दोन मोठे पक्ष मिळून सरकार करतात आणि खुर्ची पाळीने घेतात. लिओ वराडकर 2020 ते 2022 टॉनिश्ते होते, मग ठरल्याप्रमाणे टीशख झाले. आताच्या कराराप्रमाणे मार्टिन यांच्यानंतर 2027च्या नोव्हेंबरात टॉनिश्ते सायमन हॅरिस यांची पाळी.

दर्याकिनारी

वराडकराचा नाव इला म्हणान बोलतंय. मालवण तालुक्यातला वराड ता आमच्यापासना लांब नाय. बापूस अशोक वराडकर तिथले, डॉक्टर. 2019च्या डिसेंबरात लिओ पुरो गोतावळो घेवन गावाक इल्लो तेव्हा पेपरांनी तेका चार तऱ्हेचा पद दिलेला. पंतप्रधान, प्रधानमंत्री, 'ताओसीच' आणि एकान तर राष्ट्राध्यक्षच करून टाकलेलो.

टाकसाळ

'ताओसीच'! रोमन अक्षरं बघून उच्चार केला की असंच होणार. खरं तर शेवटचा घशातला ध्वनी आपल्या 'ख'च्या जवळचा आहे, इंग्रजांपेक्षा आपल्याला सोपा. आणि 'डॉइल' लिहायचं ते बरं. काही ठिकाणी 'डाल' पाहिलंय, मग आपली डाळ तिथे शिजत नाही वगैरे विनोद होतात.

एक अवांतर. तिथला खासदार 'चख्ता डॉला', आणि त्यातल्या 'चख्ता'चा मूळ अर्थ निरोप्या, दूत. पेशवाईतला 'वकील' आठवतो, कोर्टातला नव्हे, दरबारातला.

कोरा कागद

लिफीकाठी, मूळ वाक्यात घरांचा प्रश्न नेमका काय होता ते लिहा की. तिथेही एक शब्द दडलेला असणार.

लिफीकाठी

आहे ना. निवडणुकीआधी सरकार सांगत होतं की 2024मध्ये चाळीस हजारांच्या आसपास घरं पुरी होतील. जानेवारीत सांख्यिकी कार्यालयाचा आकडा आला 30,330. आता विरोधी नेत्याला म्हणायचं असतं 'तुम्ही खोटं बोललात', पण डॉइलमध्ये दुसऱ्या सदस्याला खोटारडा म्हणता येत नाही. क्यान कोर्ल्या, म्हणजे सभागृहाचे अध्यक्ष, लगेच शब्द मागे घ्यायला लावतात. मग 'दिशाभूल', 'वस्तुस्थितीला धरून नाही', असं वळणावळणाने जावं लागतं.

असंसदीय शब्दांच्या यादीची एक खरी घटना आहे. डिसेंबर 2009मध्ये ग्रीन पक्षाच्या पॉल गोगार्टी यांनी मजूर पक्षाच्या एमेट स्टॅग यांना भर सभागृहात चार अक्षरी इंग्रजी शिवी हासडली. त्याआधी 'अत्यंत असंसदीय भाषेत सांगतो' अशी प्रस्तावना केली, नंतर लगेच माफी मागितली. मग लोकांनी यादी काढून पाहिली तर त्यात भित्रा, ढोंगी, उंदीर असले शब्द होते आणि ती शिवी नव्हती. इतकी उघड गोष्ट लिहून ठेवायची कुणाला सुचली नसावी.

जुनी पेठ

मग मराठीत 'दिशाभूल केल्याचा आरोप करत जाब विचारला' हेच ठेवा. 'दिशाभूल' हा आपल्या विधिमंडळातलाही सोयीचा शब्द. खोटं न म्हणताही खोटं म्हटल्याचं समाधान मिळतं.

लिफीकाठी

वाक्य असं केलं: 'शिन फेनच्या नेत्या मेरी लू मॅकडोनल्ड यांनी घरांच्या आकड्यांबाबत दिशाभूल झाल्याचे सांगत टीशख मीहॉल मार्टिन यांना जाब विचारला.' विरोधी पक्षनेत्या हा शब्दच गाळला, पक्षाचं नाव पुरे.

बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, "ठीक. पण मग त्याने काय जाब दिला, ते कुठाय?" पुढचा परिच्छेद लिहितोय.