मदत हवी आहे: सेकंडहँड व्हॅन, चारही टायरांत हवा बरोबर, तरी टायरचा दिवा जात नाही

हवालदिल: दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड व्हॅन घेतली. डॅशबोर्डवर तो पिवळा टायरचा दिवा असतो ना, मधे उद्गारचिन्हवाला, तो जाता जात नाहीये. चार वेळा हवा चेक केली, बरोबर आहे. बॅटरीची वायर काढून परत लावली, त्याने फक्त घड्याळ बारावर गेलं, दिवा जिथल्या तिथे. गॅरेजवाला म्हणतो चाकांच्या आतले हवेचा दाब मोजणारे चारही सेन्सर बदला. मला आठवड्याभरात लांब जायचंय. सरळ उपाय सांगा, लेक्चर नको.

मिस्तरी: गाडी किती जुनी, दिवा लुकलुकतो की सरळ पेटून राहतो, यातलं काहीच लिहिलं नाहीत. डॉक्टरला फोन करून "दुखतंय" म्हणायचं आणि ठेवून द्यायचा, तसं झालं हे.

हवालदिल: आठ वर्षं जुनी. आणि लुकलुकला काय, पेटला काय, दिवा लागलाय एवढं पुरे नाही का?

मिस्तरी: नाही पुरे. बहुतेक गाड्यांत सुरुवातीपासून सरळ पेटून राहिला तर कुठल्यातरी टायरात हवा कमी. आणि मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग पेटून राहिला तर सिस्टीमलाच कुठल्यातरी सेन्सरचा आवाज ऐकू येत नाहीये. मग तुम्ही हवा चारदा बघा नाहीतर चाळीसदा.

जुना_ड्रायव्हर: काळी चिकटपट्टी घ्या, दिव्यावर लावा, विषय संपला. आम्ही टायरला लाथ मारून हवा सांगायचो.

पुस्तकी: काका, रेडियल टायरची बाजू हवा बरोबर असली तरी थोडी फुगीरच दिसते, त्यामुळे बरीच हवा उतरली तरी डोळ्याला कळत नाही, लाथेला तर नाहीच. अमेरिकेत २००० साली टायर फुटून गाड्या उलटल्याचं मोठं प्रकरण झालं, त्यातून कायदा आला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना हा दिवा सक्तीचा झाला. ठरलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली गेलं की पेटला पाहिजे असा नियम. युरोपात नव्या प्रवासी गाड्यांना नोव्हेंबर २०१४ पासून…

हवालदिल: लेक्चर नको म्हटलं होतं.

शुद्धहवा: मी गेली कित्येक वर्षं नायट्रोजनच भरतो, एकदाही दिवा लागला नाही. साधी हवा काढून टाका सगळी.

मिस्तरी: साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो हो. आणि सेन्सर बोलत नसेल तर आत अत्तर भरलं तरी दिवा तसाच.

टोपणवाला: बाहेरून व्हॉल्व्हवर बसवायचे टोपणासारखे सेन्सर मिळतात, छोटा डिस्प्ले काचेजवळ चिकटवायचा. स्वतः वापरतोय, मस्त चालतात, टायर उघडायची भानगड नाही.

मिस्तरी: चालतात, पण गाडीच्या कॉम्प्युटरशी त्यांचं बोलणं नाही, त्यामुळे यांचा दिवा विझणार नाही. रबरी व्हॉल्व्हवर वजन पडतं ते वेगळंच.

टोपणवाला: माझ्या व्हॉल्व्हला काही झालं नाही अजून.

एबीएस_भक्त: सगळे सेन्सर सेन्सर करताय, पण काही गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो. हवा उतरली की चाकाचा घेर किंचित कमी होतो, ते जरा जास्त वेगात फिरतं, हे एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या सिस्टीमचे, सेन्सर ओळखतात. तिथे फक्त मेनूत जाऊन रिसेट करायचं. हवालदिल, स्क्रीनवर प्रत्येक टायरचा आकडा दिसतो का?

हवालदिल: दिसतो. तीन टायरांचा दिसतो, मागच्या उजव्याच्या जागी दोन रेघा आहेत. आणि हो, आधी लुकलुकतो, मग पेटून राहतो, आज मोजलं.

मिस्तरी: अहो, मग हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!! चार सेन्सर कशाला, तीन ठणठणीत आहेत.

दुकानात_बसतो: गॅरेजवाल्याची बाजू पण बघा राव. सेन्सरमधली बॅटरी सीलबंद असते, बदलता येत नाही, साधारण ५ ते १० वर्षं जाते. आठ वर्षांच्या गाडीत एक गेला तर बाकीचे रांगेतच उभे. दर वेळी टायर रिमवरून उतरवायचा, परत बॅलन्सिंग, म्हणून एकदाच चारही करा म्हणतात.

मिस्तरी: मान्य, पण आधी गेलाय की नाही ते तर बघा. सेन्सर तपासायचं हँडटूल व्हॉल्व्हजवळ धरून सेन्सर जागा करता येतो, बोलला तर जिवंत. बदलायचाच झाला तर फ्रिक्वेन्सी बघून घ्या, काही गाड्यांना ३१५ मेगाहर्ट्झ लागतो, काहींना ४३३. चुकीचा बसवला तर नवाकोरा असूनही मुकाच.

हवालदिल, एक काम करा. खाली बसून चारही व्हॉल्व्ह बघा, कसे दिसतात ते सांगा.

हवालदिल: तीन चाकांना धातूचे आहेत, बुडाशी नट. मागच्या उजव्याला साधा काळा रबरी, बोटाने वाकतो. आता हे काय नवीन?

एबीएस_भक्त: रबरी व्हॉल्व्हचे सेन्सर पण येतात, लगेच निष्कर्ष नको.

मिस्तरी: येतात, पण एकाच गाडीत तीन असे आणि एक तसा? ते चाक मूळचं आहे का?

हवालदिल: हो, म्हणजे मागच्या महिन्यात पंक्चर झालं होतं तेव्हा स्टेपनी लावली ती तशीच आहे. मूळ चाक पंक्चर काढून खाली स्टेपनीच्या जागी टांगलंय. सेम साइज आहे म्हणून परत बदललं नाही, यात सांगण्यासारखं काय होतं

मिस्तरी: 🤦

दुकानात_बसतो: 😂😂 गाडीच्या पोटाखाली सेन्सर लटकतोय आणि आपण इथे त्याचं श्राद्ध घालतोय.

हवालदिल: पण खालून रेंज नाही का येणार, चार फुटांवर तर आहे.

मिस्तरी: प्रश्न रेंजचा नाही, बॅटरी वाचावी म्हणून चाक फिरत नसलं की तो झोपतो. चाक जागेवर लावा, वीसेक मिनिटं जरा वेगात चालवा. पंक्चरवाल्याने आत चिकट लिक्विड ओतलं असेल तर मात्र सेन्सरचं भोक बुजलेलं असू शकतं. आणि पुढच्या वेळी टायर उतरवताना त्याला सांगा आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हच्या जागी पहार घालू नको.

जुना_ड्रायव्हर: चिकटपट्टीने दोन मिनिटांत झालं असतं.

हवालदिल: लावलं चाक. लिक्विड नाही, आतून पॅच मारलाय म्हणाला. अर्धा तास चालवून आलो, आता लुकलुकत नाही, सरळ पेटलाय!! तुमच्या उपायाने अजून बिघडलं.

मिस्तरी: रेघा गेल्या का?

हवालदिल: गेल्या. तिथे ३१ दाखवतंय.

मिस्तरी: आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर मागच्या टायरला किती लिहिलंय?

हवालदिल: ५२. बरं, हवा भरून येतो.

शुद्धहवा: भरणारच आहात तर नायट्रोजन भरा.